शारजातले बर्फाचे टायर

हसा तुम्ही, पण मी शारजात बर्फाचे टायर विचारायला गेलो होतो.

लेक लंडनजवळ नोकरीला. गाडी घेतली, पण विंटर टायरचं नाव काढलं की, "बाबा, नॉट वर्थ इट. इथं बर्फ क्वचित पडतो." इकडे आमच्या हिला झोप लागेना. शेवटी आमचा नेहमीचा टायरवाला गाठला, खानभाई. पाकिस्तानातल्या स्वातच्या डोंगरातला माणूस, त्याला बर्फातलं कळणार.

"खानभाई, जिधर बर्फ सालमें एकाध दिन गिरता है, उधर ये टायर लगाना क्या?"

"वो एक दिन कौनसा है, बेटी को मालूम है?"

खलास. लेकीला तेच ऐकवलं, तिनं टायर बसवले.

जानेवारीत तिकडे खरंच बर्फ पडला. तिनं गाडीचा फोटो पाठवला, मी तो घेऊन थेट दुकानात. "देखो, आपका टायर."

खानभाईनं हात पुसले, फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा करत गेला. टायरकडे बघेचना. "बारा साल हो गया," एवढंच म्हणाला, "बर्फ नहीं देखा."

मग फोन मी घेतला. मीही मोठा करून बघितला. गाडीच्या काचेमागे लेक दिसते का ते.