निळ्या रबराचा तुकडा

माझं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या वाडीत, आणि आमच्या अख्ख्या वाडीत काच म्हणाल तर एकच होती, माझ्या बापसाच्या दाढीचा आरसा. खिडक्यांना लाकडाच्या फळ्या, त्या पण पावसात लावायच्या. म्हशी होत्या, शेळ्या होत्या, थोडी नाचणी, वरी. मी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून बापसाबरोबर शेळ्या विकायला खाली पोलादपुरात यायचे, आणि बापूस असा गरीब माणूस की गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं की ह्यानं भाव पाडलाच म्हणून समजा. मग मीच पुढं व्हायला लागले. गिऱ्हाईक म्हणायचं, ही पोरगी हाय का वकील? मी म्हणायचे, शेळी बघा, मला काय बघताय. राग माझ्या नाकावर तेव्हापासूनचा हाय, तो काय मी लपवत नाय. आज महाडात हायवेच्या कडेला माझं स्वतःचं काचेचं दुकान हाय, ट्रकच्या, जीपच्या, एसटीच्या सुद्धा काचा बसवल्यात मी, आणि तोंड बंद ठेवून कुणी असं दुकान उभं केलेलं मला दाखवा.

पण काच मला शिकवली ती आमच्या ह्यांनी. हे मुंबईला कुर्ल्यात काचेच्या दुकानात होते, लग्नानंतर महाडला आले आणि चार पत्र्यांचं दुकान टाकलं. मी जेवढी बोलणारी तेवढे हे गप्प. दिवसभरात दहा शब्द बोलले तर पुष्कळ. आणि ह्यांच्या हाताला कंप होता. लहानपणी मोठा ताप आला होता त्यातनं राहिलेला, चहाचा कप धरला की बशीत सांडायचा. पण काय सांगू तुम्हाला, काचेला हात लावला की तो कंप थांबायचा. मी कितीदा बघितलंय. काच कापायची हिऱ्याची कलम काचेवर ठेवली की हात असा स्थिर, जसा दुसऱ्याच कुणाचा हात.

तर त्या मोटारीचं सांगते. महाडच्या कोर्टात एक वकीलसाहेब हायत, त्यांच्या वडलांची जुनी मोटार, वरनं उघडी, छप्पर कापडाचं, ते मागं दुमडून ठेवायचं. पुढची काच दोन भागांत, मधे पितळी दांडा, आणि दोन्ही बाजूंना वारा अडवायला लहान काचा, त्यांना आम्ही कान म्हणतो. वीस वर्षं तरी झाली असतील, साहेबांनी ती मोटार आमच्याकडं आणली. सगळ्या काचा सैल झालेल्या, खड्ड्यातनं गेली की खुळखुळ वाजायच्या. ह्यांनी दोन दिवस दुसरं काम घेतलं नाय. पितळी चौकट उघडली, वाळलेलं रबर खरवडून काढलं, नवीन पट्ट्या कापल्या, काचा बसवल्या.

संध्याकाळी मुंबईहून काचेची पेटी येणार होती म्हणून हे डेपोवर गेले, आणि नेमके तेव्हाच साहेब गाडी न्यायला आले. त्यांनी बोटानं काच ठोकून बघितली आणि म्हणाले, ही अजून वाजतेय की. मला अशी लाज वाटली, आमचं काम आणि वाजतंय म्हणजे काय. मी म्हटलं थांबा साहेब, आणि मी माझी जुनी स्लीपर घेतली, निळी होती, तिचा एक तुकडा कापला, दुमडून खालच्या कोपऱ्यात ठोकला आणि पान्यानं नट असा आवळला, असा आवळला, की आवाज बंद. साहेब म्हणाले, आता बरं झालं. मी खूश. हे पेटी घेऊन आले तोवर गाडी गेली होती, मी पण कामात होते, सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेब बायको-पोरीला घेऊन सव गावाला गेले, गरम पाण्याच्या कुंडावर. पोरगी तेव्हा चार वर्षांची, पुढं आईच्या मांडीवर बसलेली. रस्त्यात एका खड्ड्यात चाक आपटलं आणि काच कडकन तडकली, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. लागलं कुणाला नाय, पण पोरगी घाबरून ओरडायला लागली, आणि साहेब तिथनं गाडी वळवून थेट आमच्या दुकानावर. काय ते बोलणं. दारू पिऊन काच बसवतोस काय रे? हात बघ तुझे, हात बघ! सगळी पेठ गोळा झाली. आणि ह्यांचे हात तेव्हा अजूनच कापायला लागले, लोकांना वाटलं खरंच असणार. अहो, ह्या माणसानं जन्मात थेंब घेतला नव्हता.

मी पुढं धावणार तर ह्यांनी मला हातानं मागं सारलं. गाडीपाशी गेले, वाकून काचेचा खालचा कोपरा बघितला, अंगठा फिरवला त्याच्यावर, माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, साहेब, चूक झाली माझी. बस. मी रात्रभर भांडले, तुम्ही वाकलात का, तुम्ही बोलला का नाय. तर हे गप्प. साहेबांनी ती गाडी रागानं जी शेडमध्ये लावली ती लावलीच, दुसरी काच पण बसवली नाय.

आणि पेठेत तो शब्द राहिला. बेवडा काचवाला. गाड्या यायच्या बंद झाल्या, हे तसबिरींच्या आणि कपाटांच्या काचा कापत बसले. मग मी उठले. कशेडी घाटात काच फुटलेले ट्रक उभे असायचे, मी तिथं जाऊन ड्रायव्हरांशी बोलायचे, काम दुकानावर आणायचे. हे म्हणाले, तू बसव, मी सांगतो. अशी मी शिकले. पहिल्या दिवशी मला म्हणाले, काचेला हलायला जागा ठेवायची, जीव खाऊन आवळायचं नाय, गाडी वाकते तशी काच वाकत नाय. मी म्हटलं बरं. आणि एवढ्या वर्षांत शेकडो काचा बसवल्या, हाताखाली दोन माणसं ठेवली, कुणी नट जास्त आवळला तर त्याच्या सात पिढ्या काढल्या, पण स्वतःचं काय आठवलं नाय. खरं सांगते, एकदा पण नाय. मी त्या वकिलावरचा राग तेवढा नीट सांभाळला. हे वारले तेव्हा साहेब दारात आले होते, मी आत बसून राहिले, बाहेर आले नाय.

ह्या वर्षी उन्हाळ्यात दुकानासमोर एक मुलगी उभी राहिली. पँट-शर्ट, हाताला ग्रीस. म्हणाली, काकू, मी वकीलसाहेबांची मुलगी, पुण्याहून आलेय, बाबांची जुनी गाडी मी चालू केली, इंजिन झालं, ब्रेक झाले, फक्त काचा राहिल्या, आणि त्यांना कुणी हात लावायला तयार नाही. बघते तर गाडी तिथंच उभी, आणि साहेब आत बसलेले. म्हातारे झालेत, पण मान तशीच ताठ.

मी गेले गाडीपाशी. म्हटलं, काम करीन, पण माझी किंमत ठरलेली हाय. साहेब म्हणाले, बोल. मी म्हटलं, काम झालं की माझ्या दुकानाच्या दारात उभं राहून, पेठेला ऐकू जाईल असं म्हणायचं, की माझा नवरा पीत नव्हता आणि चूक त्याची नव्हती. साहेबांचा चेहरा लाल. इतक्या वर्षांचं काय उकरतेस? मी म्हटलं, मग न्या पुण्याला अशीच, माणगाव यायच्या आत काच मांडीवर असेल. साहेब म्हणाले, अर्धंच म्हणतो, पीत नव्हता एवढं म्हणतो, चूक तर त्यानं स्वतः कबूल केली होती. मी म्हटलं, अर्धं नाय, पुरतं. मुलगी मधे पडली, बाबा, म्हणा ना, त्या दिवशी मांडीवर मी होते, माझा काही राग नाही. साहेब म्हणाले, ठीक आहे, म्हणेन.

मी चौकट उघडायला घेतली. तडकलेली काच तशीच होती, इतक्या वर्षांची धूळ. खालच्या कोपऱ्यातला नट सुटेना, तेल सोडलं, ठोकला, तेव्हा सुटला. पट्टी ओढली आणि तिच्या मागनं निळा तुकडा खाली पडला. दुमडलेला, चपटा, दगडासारखा कडक. आणि तड अगदी त्याच्यापासूनच निघालेली.

मी खाली बसले. मला सगळं दिसलं, ती स्लीपर, तो पाना, माझा जोर. आणि वाकून अंगठा फिरवणारे हे. त्यांना कळलं होतं. काचवाल्याला तड कुठनं सुटली ते कळत नाय असं होईल का? मुलगी म्हणाली, काकू, काय झालं? मी म्हटलं, काय नाय गो. तुकडा माझ्या मुठीत होता, दुसऱ्या कुणी बघितला नव्हता. साहेब त्यांचा शब्द पाळणार होते. मी गप्प राहिले असते तर मला हवं ते मिळालंच असतं.

आधी काम केलं. नवी काच कापली, कडा घासल्या, कापडी रबराची पट्टी सगळीकडनं सारखी बसवली, कानांच्या पितळी पकडीखाली दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा घातला, नट आधी बोटानं, मग पान्यानं थोडा ह्या कोपऱ्याला, थोडा समोरच्या, असं फिरत फिरत. मुलीला सांगितलं, सवपर्यंत जाऊन ये, रबर बसलं की परत एकदा बघायला लागेल. ती गेली, आली, काचा गप्प होत्या. परत नट थोडे थोडे आवळून घेतले.

संध्याकाळी साहेब काळा कोट घालून आले, कोर्टात उभे राहतात तसे माझ्या दारात उभे राहिले. चहावाला, टायरवाला, रिक्षावाले, सगळे बघायला लागले. साहेबांनी घसा साफ केला आणि मी म्हटलं, थांबा. मूठ उघडली. मी मोठ्यानं सांगितलं, ऐका रे सगळे, ही काच माझ्यामुळं फुटली होती, हा तुकडा मी घातलेला, नट मी आवळलेला, ह्यांना मी सांगितलं पण नव्हतं. साहेबांनी तुकडा घेतला, चष्मा वर करून बघितला, आणि हळू म्हणाले, वाजतेय असं मीच म्हटलं होतं. मग पेठेकडं वळून खड्या आवाजात म्हणाले, हिचा नवरा पीत नव्हता, मी खोटं बोललो, त्याचा हात महाडात सगळ्यात चांगला होता. हे शेवटचं मी मागितलं नव्हतं, ते त्यांनी वर दिलं.

आता पेठेत ह्यांचं नाव चांगलं निघतं. ती मुलगी गावाला आली की गाडी घेऊन दुकानावर येते, काचा बघून घेते, मला काकू काकू करते, बरं होवो तिचं. साहेबांवर माझा राग उरला नाय. पण माझा स्वभाव तुम्ही बघताय, राग कुठं तरी लागतोच, तो सगळा आता ह्यांच्यावर येतो. दुकान बंद करताना मी बोलते त्यांच्याशी. अहो, एकदा म्हणायचं होतंत, इंदू, तू आवळलीस म्हणून. मी भांडले असते, चार दिवस तुमच्याशी बोलले नसते, मग झालं असतं ना. ते काय उत्तर देणार? घरात होते तेव्हा दिलं नाय. असू दे. जिथं असतील तिथं सुखात असोत, आणि बसायचं असेल गप्प, तर बसोत गप्प.