छाट

"माझ्या भाचीची नोकरी त्या सायबानंच खाल्ली!"

निपाणीच्या स्टँडवर यल्लव्वा गरजली, तशी रांगेत मागं उभ्या अनोळखी मनिषानं कान टवकारले.

"आत्ती, हळू बोल की," शेजारची भाची म्हणाली.

"का हळू? बेळगावच्या मुलाखतीत झालं तरी काय, सोनम?"

"मी बोलताना 'डू नॉट', 'कॅनॉट' असं पुरं न म्हणता 'डोन्ट', 'कान्ट' म्हटलं. सायेब म्हणाले, ही गल्लीतली मोडकी इंग्रजी, आमच्या शाळेत चालायची न्हाय. आन् मी दारात पोचल्यावर स्वतःच म्हणाले, 'डोन्ट वरी!'"

"आगं, ह्यो तर आमच्या बिडीच्या ठेकेदारागत! वाकडी म्हणून आमची बिडी छाटीत टाकायची, तिची मजुरी बुडवायची, आन् तीच बिडी पेटवून ओढत बसायचं!"

"मग तू काय करायचीस?"

"छाटीतली बिडी उचलून त्याच्या म्होरं धरायची. वाकडी हाय न्हवं, मग ओढतोस कशाला, म्हणायची."

"मग?"

"मग काय, ती बिडी मुकाट मजुरीत धरायचा."

पलीकडं बेळगावची गाडी लागली. सोनम रांगेतून बाहेर पडली.

"आगं, कोगनोळीची गाडी हिकडं येणार!"

"तू जा घरला. मी सायबांकडं माघारी जाणार."

"आन् काय म्हणणार?"

"तुमचं 'डोन्ट' चालतंय, तर माझंच छाटीत कसं? सायेब, उत्तर द्या!"