दादाच्या ट्रॅक्टरचं तेल

नाही, तुम्हीच सांगा, मास्तर माणसाला आठवड्यात एक रविवार मिळतो, तो काय ट्रॅक्टरखाली पाठीवर निजून घालवायचा असतो? त्या सोमवारी सकाळी शाळेत कार्ड आलं. दादाचं. दत्तराव, माझा थोरला भाऊ. मी चुडाव्याला शाळेवर, तो राणीसावरगावला शेतीवर, मधे दोन गाड्या आणि एक एसटी... एवढं अंतर ठेवूनसुद्धा माणूस सुटत नाही, तुम्हाला सांगतो. कार्डावर अक्षर नेहमीचं, मुंग्या वाट चुकल्यासारखं. "चि. दिनकरास आशीर्वाद. ट्रॅक्टरची लिफ्ट उचलंना झालीय. तेलात पाणी शिरलंय. रविवारी ये, बदलून टाकू. पुढं जवारी पेरायचीय. येताना गंगाखेडहून दोन डबे आण. शनिवारी तेल घेत नसतात, तवा शुक्रवारीच घे. चोपडी विसरू नको."

आता शुक्रवारी घ्यायचं म्हणजे शुक्रवारी शाळा बुडवून गंगाखेड गाठायचं. का? तर शनिवारी तेल घेत नसतात. अहो, ते सरकीचं, करडीचं, खायचं तेल! गिअरच्या तेलाचा आणि शनीचा काय संबंध? हे मी दहा वर्षं सांगतोय, आणि दहा वर्षं तो म्हणतोय, "तेल ते तेल." आणि वर पाठीवर थाप मारून, "दिनकरा, तेलच तर बदलायचंय, त्यात काय येवढं?"

तेलच तर बदलायचंय. ज्यांनी बदललेलं नाही त्यांना सांगतो. गिअरपेटीचं तेल आणि मागची अवजारं उचलणाऱ्या लिफ्टचं तेल या ट्रॅक्टरात एकच, एकाच पोटात. पोट केवढं, तर म्हशीला लाजवेल एवढं. आणि ट्रॅक्टर कसला, तर अठ्ठावन्न सालचा, हैद्राबादेकडून तिसऱ्या हातानं आलेला, रंग मूळचा कोणता यावर गावात दोन तट. त्याची इंग्रजी चोपडी माझ्याकडे, कारण घरात इंग्रजी मला येतं. म्हणून दरसाल मी बाजेवर बसून मोठ्यानं वाचायचं, दादानं ट्रॅक्टरखालून "हूं, हूं" म्हणायचं, आणि करायचं ते आपल्या मनानं.

तर मी मधल्या सुट्टीत बसलो आणि उत्तर लिहिलं. रागानं नाही हो, कंटाळ्यानं. सहामाहीचे पेपर काढायचे होते. लिहिलं, आणि स्वतः स्टेशनापर्यंत जाऊन पेटीत टाकलं. परत येऊन पाचवीला भागाकार शिकवायला लागलो.

अडीचच्या सुमाराला वर्गाच्या दारात तात्याराव. आमच्या दादाच्या शेताचा शेजारी. हा माणूस बैलबाजाराशिवाय गाव सोडत नाही, आणि चुडाव्याला? मी म्हटलं, "तात्याराव, इकडं कुठं?" तर म्हणाला, "आलतो असंच." बसला. पाणी प्याला. पाऊस कुठवर झाला ते सांगितलं, गाडी पूर्णेला किती थांबली ते सांगितलं, बायकोच्या गुडघ्याचं सांगितलं... पोरं पाट्यांवर भागाकार करताहेत, भाग जात नाही. मग त्यानं टोपी काढली, तिच्यात बघितलं, आणि विचारलं, "मास्तर, रजा किती शिल्लक हाय तुमची?"

मी म्हटलं, "का?"

"न्हाई, लागंल म्हणून म्हणलं. टाकून द्या. पंधरा दिसाची टाका."

दादा पहाटे म्हशीची धार काढायला बसला होता. उठलाच नाही. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

आता दहावा म्हणा, तेरावा म्हणा, ते सगळं झालं, ते मी सांगत बसत नाही. पण या तेरा दिवसांत वर ऊन पडायला लागलं आणि रानाला वाफसा आला, पेरायला हवी तेवढीच ओल राहिली. तुम्ही शेतीतले असाल तर जाणता, ओल सुतक पाळत नाही. दोन-तीन दिवसांत पेरलं तर पेरलं, नाहीतर सगळं रान वर्षभर पडीक. बैल म्हणाल तर दादानं ट्रॅक्टर आला त्या सालीच मोडले. सगळ्या गावाची पेरणी एकदम, भाड्याचं औत मिळेना. ट्रॅक्टर उभा, पेरणीयंत्र उभं, मधली लिफ्ट उचलेना. गीतावहिनी अकराव्या दिवशी जात्यापाशी बसून एवढंच म्हणाल्या, "भावजी, त्येन्नी बी चाळून ठेवलंया."

संपलं.

शुक्रवारी गंगाखेडहून वीस-वीस लिटरचे दोन डबे आणले. हो, शुक्रवारीच. दुकानदार म्हणाला, "उद्या घ्या की मास्तर, ताजा माल येणाराय." म्हटलं, "उद्या शनिवार आहे." तो माझ्याकडे बघतच राहिला.

शनिवारी तेरावा झाला, रविवारी सकाळी मी लागलो कामाला. म्हटलं, तेलच तर बदलायचंय. डोक्याचं मुंडण झालेलं, दादाची खाकी चड्डी, ती मला दोन वेळा गुंडाळून घ्यावी लागते, आणि हातात चोपडी. पान अठरा: ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल गरम करावे. केलं. खालील सर्व बुचे उघडून तेल काढून टाकावे. कोणती बुचं? तर पान एकोणीस पाहावे. पान एकोणीस उंदरांनी खाल्लेलं! दहा वर्षं मी अठरावरून थेट विसावर जात होतो आणि मला पत्ता नाही, कारण खालचा माणूस "हूं, हूं" म्हणत होता.

गेलो खाली. मातीत पाठ, वर लोखंड. एक बूच दिसलं. पान्याला जोर लावला, हात सटकला, कोपर फुटलं, पुन्हा लावला... आणि सुटलं ते एकदम! घमेलं इकडं, धार तिकडं, धारेखाली मी. तेल कसलं, अहो चहा होता, दुधाचा, पाणी मिसळून फेसाळलेला. तात्याराव उकिडवा बसून वाकून बघतोय. "मास्तर, साखर कमी पडली वाटतं. कपबशा आणू का?" म्हटलं, "घमेलं सरकवा आधी." मागं आणखी एक बूच सापडलं, तेही काढलं, पुन्हा चहा.

वर बघतो तर अंगणात माणसं. ज्याच्या त्याच्या हातात डबा, बरणी, तांब्या. दादाचं जुनं तेल दरसाल गावाला वाटायची रीत. गाडीच्या कण्याला घालतात, चौकटीला फासतात, वाळवी लागत नाही म्हणून. बायनाबाई, ऐंशीची म्हातारी, सगळ्यांच्या पुढं. घमेल्यात बोट बुडवून बघितलं आणि म्हणाली, "दत्तरावाचं तेल काळं राहायचं. ह्ये पांढरं कसं?" जणू काही मी भेसळ केली. म्हटलं, "मावशी, पाणी शिरलंय." तर म्हणाली, "त्येच्या हातात न्हवतं शिरत." आणि तरी डबा भरून नेला.

तेवढ्यात सायकलची घंटी. पोस्टमन भगवानराव. "मास्तर, कार्ड हाय. मालेगाव तालुक्यातल्या सावरगावाला जाऊन आलंय बिचारं. दोन शिक्के जास्तीचे हायेत बगा." माझे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलानं भरलेले. भगवानराव म्हणाला, "राहू द्या, मीच वाचतो." त्याची सवयच ती, उघडं कार्ड म्हणजे सगळ्यांचं. आणि तो वाचायला लागला, अंगणात, सगळ्यांच्या समोर...

"ती. दादास शि.सा.न. या रविवारी जमत नाही. तेल काय पळून जात नाही. दिवाळीच्या सुट्टीत बघू. दिनकर."

शेवटचं नाव वाचताना त्याचा आवाज बारीक झाला. तात्याराव आकाशात पाऊस शोधायला लागला. मी ट्रॅक्टरखाली होतो ते बरं होतं, तेल डोळ्यात गेलं असं म्हणायला जागा होती. वहिनी सोप्यातून आल्या, "द्या इकडं," म्हणाल्या, कार्ड घेतलं, घडी न घालता कमरेला खोवलं. आणि मला म्हणाल्या, "आलात की पर रविवारी."

मी बुचं लावली, घट्ट केली, तोंड पुसलं आणि नवं तेल भरायला वर आलो.

आणि इथं, तुम्हाला सांगतो, खरी गंमत. वरचं बूच, जिथून भरायचं, ते उघडेना. पाना लावला, फिरतोय पान्याचा जबडा, बूच जागच्या जागी. त्याचे कोपरे झिजून ते गोल झालेलं, बोरासारखं. हातोडा मारला, रॉकेल सोडलं, तात्यारावानं पाय लावून ओढलं आणि स्वतःच मागं जाऊन पडला. आता अकलेचा भाग बघा: शहाणा माणूस आधी वरचं बूच उघडतंय का ते बघतो, मग खालून रिकामं करतो. मी एम.ए. केलंय बाहेरून, मराठी घेऊन. मी आधी पोट रिकामं केलं आणि मग तोंड बंद आहे हे बघितलं! ट्रॅक्टर अंगणात कोरडा, मिस्त्री सिताराम गंगाखेडला, तोही मंगळवारशिवाय येत नाही, आणि रानातली ओल उन्हानं चाललीय. सोमवारी पेरलं नाही तर मंगळवारी पेरून उगवत नाही. चाळलेलं बी पोत्यातच. आणि हे सगळं कुणी केलं? तर इंग्रजी येणाऱ्यानं.

मी खाली बसलो, डब्यावर. तात्याराव म्हणाला, "जरा दम धरा मास्तर." म्हटलं, "धरलाय."

वहिनी मघापासून उभ्या होत्या. पदर सावरत म्हणाल्या, "तिकडून न्हाई वतत, भावजी. ते बूच धा साल झाले, उघडतच न्हाई. ह्ये गेरच्या दांडीचं झाकण काढायचे."

"कोणतं?"

"ते चार बोल्टांचं. त्येच्यातून वतायचं. नरसाळं मी धरते की दरसाल."

दरसाल! म्हणजे मी बाजेवर बसून पान विसावरचं वाचतोय, आणि ही दोघं पलीकडून झाकण काढून तेल ओतताहेत. मी म्हटलं, "वहिनी, मग मला चोपडी घेऊन कशाला बोलवायचा तो?"

त्या हसल्या. तेरा दिवसांत पहिल्यांदा. "मला म्हणायचे, त्याला वाचायला बसीव. वाचतोय तवर गुमान ऱ्हातो, न्हाई तर पाना घेऊन मधी हात घालतो."

तात्याराव असा हसला की पुन्हा पडला असता. मीही हसलो. काय करणार, बूच कुणाच्या हातून बिघडलं असेल याचा मला थोडा अंदाज यायला लागला होता. पासष्ट साली एकदा पाना माझ्या हातात होता... जाऊ द्या.

चार बोल्ट सुटले. वहिनींनी घरातून रॉकेलचं नरसाळं आणलं, आणि गाळायला दादाचं धोतर. धुऊन घडी केलेलं. फाडताना त्यांनी काठ बाजूला काढून ठेवला, मी बघितलं आणि बघितलं नाही. मी डबा वाकवायचा, त्यांनी नरसाळं धरायचं. "हळू. हळू. त्येन्ची धार बारीक ऱ्हायची." म्हटलं, "वहिनी, खालची बुचं दोनच ना?" तर म्हणाल्या, "खालचं मला ठाव न्हाई. वरचं माझ्याकडं, खाली ते जायचे."

एक डबा गेला. दुसरा अर्धा गेला, आणि मापाची सळई म्हणाली, बास, भरलं. वहिनी डब्याकडे बघत राहिल्या. "दरसाल दोनी डबे जायचे." म्हटलं, "सळई काय खोटं बोलेल?" झाकण लावलं, ट्रॅक्टर चालू केला, दांडा ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. पोटात काहीतरी गुरगुरलं, आणि ते पेरणीयंत्र, तीन आठवडे जमिनीला चिकटलेलं, हळूहळू वर आलं आणि वरच थांबलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तात्यारावानं टोपी सारखी केली, "सकाळी सहाला येतो मी चालवायला," म्हणाला आणि गेला.

सोमवारी पेरलं. सगळं रान पेरलं. चाळलेलं बी पुरलं, ओंजळभर उरलंसुद्धा.

मंगळवारी सिताराम मिस्त्री आला, न बोलावता, दादासाठी दोन मिनिटं बसला, मग सवयीनं ट्रॅक्टरखाली डोकं घातलं. खालूनच विचारलं, "मास्तर, बुचं किती काढली?" म्हटलं, "दोन." म्हणाला, "तीन असत्यात. तिसरं ह्ये काय, मागच्या चाकाच्या आत, चिखलात गेलंय. दत्तराव खरवडून काढायचे. म्हंजी जुनं तेल धा-बारा लिटर आतच हाय. ते नव्याला खराब करणार बगा. आणू का पाना?"

म्हटलं, "राहू दे. मी बघतो."

बघतो म्हटलं, पण बघायला रजा पाहिजे, पाना पाहिजे, घमेलं पाहिजे. त्यानंतर मी चारदा गावी गेलो. जवारी कणसात आली, काढली, खळं झालं. सिताराम दर वेळी विचारतो, "मास्तर, काढलं का?" तात्याराव म्हणतो, "अवो, तेलच तर बदलायचंय." त्यांचं बरोबर आहे. गेल्या साली दादानं आपल्या हातानं, बारीक धारेनं भरलेलं तेल ते... पाणी शिरलेलं आहे, वाईट आहे, मला समजतं. गेल्या खेपेला मी ट्रॅक्टरखाली गेलोही होतो, चिखल खरवडला, बूच मोकळं केलं, पाना लावून बघितला, बरोबर बसला.

ते बूच मी अजून काढलेलं नाही.