गल्लीकडचे दार

बाया विटा काढत होत्या तेव्हा विटांमधला सिमेंटचा माल अजून ओला होता. मी नकाशा हातात घेऊन बाजूला उभा होतो.

माझे नाव रत्नपाल किसन खंदारे, वय ३६ वर्षे, व्यवसाय आर्किटेक्ट, रा. हिंगोली. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मौजे सावळदरी, ता. सेनगाव येथे होत असलेल्या वाचनालय शाखेचा नकाशा माझा आहे. जागा पाराला लागून आहे. पाराकडे खिडक्या आणि दार मागच्या गल्लीत, हापशाकडे, असा नकाशा मंजूर आहे.

दार मागे का, असे विचारण्यात आले. जागेच्या मोजणीवेळी हापशावर एक वयस्क बाई होती. नाव मी विचारले नाही. ती म्हणाली, "सायेब, पारावर म्हातारे बसत्यात. सुनांना तिथून जायचं तं एका हातात पदर, एका हातात चपला. मग पुस्तक कोन्या हातात धरावं?" तिची सून बारावी पास असून तिला तलाठ्याची परीक्षा द्यायची आहे. मी त्याच दिवशी नकाशात दार गल्लीकडे फिरवले.

दि. ९ मार्च २००४, मंगळवारी दुपारी मी कामावर गेलो. भिंती कमरेइतक्या आल्या होत्या. गल्लीकडची दाराची जागा विटांनी बुजवली होती आणि दार तिकडे करण्यासाठी पाराकडच्या भिंतीतल्या विटा काढणे चालू होते. ठेकेदार बाबूसिंग म्हणाले, "उद्घाटनाचा फोटो काय गल्लीत काढता, सायेब?" मी नकाशा दाखवला. त्यांनी पाहिला नाही.

तेवढ्यात हापशावरच्या पाच-सहा बाया घागरी ठेवून आल्या. भिंती बुटक्या असल्याने पारावरून गल्ली दिसते, म्हणून सगळ्यांनी पदर तोंडावर ओढलेले होते. त्या दाराच्या जागेत भरलेल्या विटा काढू लागल्या. एक आवाज म्हणाला, "दमानं काढा गं, फोडू नका. लायबरी आपलीच हाय." विटा ओळीने रचून, हात धुऊन त्या गेल्या. एकही वीट फुटलेली नाही.

त्या कोण, हे मी सांगू शकत नाही. चेहरे दिसले नाहीत. आवाजावरून नाव घेणे मला योग्य वाटत नाही.

बाबूसिंग पाराकडे गेले व कोण बाया होत्या, असे त्यांनी विचारले. पारावरचे वडीलधारे सोनाजी आबा म्हणाले, "आमी गावच्या सुनांकडं बघत न्हाई."

"आबा, तुमी समोर बसून होते!"

"व्हय. खाली बघून."

पारावरचे लोक हसले. आबा पुढे म्हणाले, "दार तिकडंच ऱ्हाऊ दे, बाबूसिंग. इकडं केलं तं दिसभर खाली बघावं लागंल. मान आताच दुखायली."

बाबूसिंग तेथून पोलिसांत तक्रार द्यायला निघाले.

जबाब मला वाचून ऐकवला, मी सांगितला तसाच उतरला आहे. एवढेच राहिले होते, ते आता लिहून घेतले: बुधवारी सकाळी मिस्त्रीने नकाशाप्रमाणे गल्लीकडेच दाराची चौकट उभी केली. मी ओळंबा धरून पाहिला, सरळ होती. चौकटीला हळदकुंकू आधीच लावलेले होते.