खंडेनवमीची कुऱ्हाड

रामकृष्णहरी मंडळी! सरका, सरका जरा पुढं. मागं खांबाला टेकून बसलेत त्यांनीही सरका. खांब काही पडत नाही, तुम्ही नसलात तरी देवळाला आधार आहे!

तर आजचा प्रश्न ऐका. नियम पाळणारा माणूस धार्मिक, हे तर आपण सगळेच म्हणतो. पण एखादा माणूस नियम पाळतोय, की नियमाच्या आड लपतोय — हे ओळखायचं कसं? बाहेरून दोघं सारखेच दिसतात हो! तेच गंध, तीच टोपी, तेच "नको बाबा, आज चालत नाही." मग देवाला कळायचं कसं? — देवाला कळतं. प्रश्न आपला आहे. आपलं आपल्याला कळतं का?

सांगतो. ऐका.

एक होते दिनकरराव खळदकर. बँकेतून निवृत्त झाले आणि गावाबाहेर, पाटाच्या कडेला, टुमदार बंगला बांधून राहिले. माणूस सज्जन. सुपारीचंही व्यसन नाही. पण मंडळी, ज्याला कसलंच व्यसन नाही त्याच्यापासून जरा सांभाळून! तो काहीतरी वेगळंच धरून बसलेला असतो. यांनी काय धरलं होतं? कुऱ्हाडी!

हसू नका. जुन्या कुऱ्हाडी! कुणी नाणी जमवतं, कुणी दिवे जमवतं, हे कुऱ्हाडी जमवायचे. रविवार उजाडला की पिशवी घेऊन निघाले. कुठं? जुन्या बाजारात! रस्त्यावर पोत्यांवर मांडलेले मोडके पंखे, गंजक्या साखळ्या, पितळी कड्या — आणि त्या ढिगात हात घालून बसलेले आमचे दिनकरराव. गंजलेलं पातं दिसलं की उचलायचं, अंगठ्यानं गंज घासायचा, बोटानं टिचकी मारायची. आवाज खणखणीत आला तर पोलाद चांगलं. बद्द आला तर ठेवलं खाली. शहरातल्या काचेच्या दुकानांतसुद्धा जायचे, जिथं जुन्या वस्तू मखमलीवर ठेवतात. तिथला शेठ विचारायचा, "काय दाखवू? झुंबर? घड्याळ?" हे म्हणायचे, "कुऱ्हाड." शेठ दोन पावलं मागं!

या छंदाचे नियम फार कडक असतात बरं का. जुना दांडा बदलायचा नाही. धार लावायची नाही. का? धार लावली की जुनेपण गेलं! तर यांच्या दिवाणखान्यात भिंतभर कुऱ्हाडी. व्हार्निश लावलेल्या, चकचकीत. पण त्यातल्या एकीनं काकडी चिरली असती तर शपथ! काय पेटीवाले, हसताय? तुमच्या घरातली ती दुसरी पेटी आठवली वाटतं, कव्हर घातलेली!

एक कुऱ्हाड मात्र त्यांना मिळत नव्हती. त्यांच्याच तालुक्यात पूर्वी एक लोहार होऊन गेला. तो पात्याच्या गालावर छिन्नीनं एक बेलपान कोरायचा. त्याचं पोलाद असं की लोक म्हणायचे, ही कुऱ्हाड आजा वापरतो आणि नातू वापरतो. ती बेलपानाची कुऱ्हाड दिनकररावांना पाहिजे होती. जेवताना तीच. झोपताना तीच.

आणि नवरात्रातल्या एका रविवारी — दिसली! बशीरभाईंच्या पोत्यावर, एका मोडक्या शिवणयंत्राखाली. नुसता दांडा बाहेर. जुना, हाताच्या घामानं काळा झालेला दांडा. दिनकररावांनी हळूच यंत्र सरकवलं... आणि गालावर बेलपान!

आता छाती धडधडतेय, पण चेहरा? चेहरा कोरा! आनंद दाखवला की भाव चढतो, हा जुन्या बाजाराचा पहिला धडा. आधी कंदिलाची चौकशी. मग कुलपाची. मग सहज, "आणि ही कुऱ्हाड कसली?" बशीरभाई गालात हसले. त्यांचं अर्धं आयुष्य कोऱ्या चेहऱ्यांच्या माणसांत गेलेलं! म्हणाले, "घ्या साहेब. पण जपून, धार जिवंत आहे. परवापर्यंत कुणीतरी वापरत होतं हिला."

घरी आणली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आता खंडेनवमीचं तुम्हाला काय सांगायचं? शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर गाडीला हार घालतो. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, त्यालाही विश्रांती! दिनकररावांनी सगळ्या कुऱ्हाडी उतरवल्या, पाटांवर मांडल्या, हळदकुंकू, झेंडू. मधोमध बेलपानाची. पत्नी उषाताई म्हणाल्या, "देवघरातल्या देवाला एवढी फुलं नाही वाहिलीत कधी!"

एवढ्यात फाटक वाजलं.

वाजलं म्हणजे — आदळलं! बघतात तर शेजारच्या वस्तीवरची हौसाबाई. पदर खांद्यावरून खाली, कोपरापर्यंत चिखल.

"भाऊ! कुऱ्हाड द्या! आमचं मालक चारीत अडकल्यात! बाभळ पडलीया अंगावर!"

झालं होतं असं. पाटाला पाणी सुटणार म्हणून तिचा नवरा रखमाजी आपल्या शेताची चारी साफ करत होता. चारी म्हणजे पाटातून शेताकडं जाणारा चर, पुरुषभर खोल. काठावरच्या बाभळीची मुळं उघडी पडलेली. बाभळ आली खाली! खोड दोन्ही काठांत अडकलं आणि त्याखाली रखमाजीची मांडी; पाय वर काठाला दाबलेला, अंग खाली चारीत. उचलून उचलेना, ओढून निघेना. आणि पाणी? पाणी सुटलेलं होतं! बंद करा म्हणून फोन गेला होता, पण मंडळी, सुटलेलं पाणी फोन ऐकून मागं फिरतं होय?

सगळं गाव लांब, देवीच्या होमाला. सगळ्यांत जवळचं घर हेच. आणि या घरात काय आहे? भिंतभर कुऱ्हाडी! असा योग देव तरी किती वेळा आणतो?

दिनकररावांनी पूजेच्या पाटांकडं पाहिलं. बेलपानाकडं पाहिलं. आणि तोंडातून काय निघालं?

"अहो, थांबा. आज खंडेनवमी. पुजलेलं हत्यार आज उचलत नाहीत."

ऐकलंत? नियम खोटा होता का? नाही! शंभर टक्के खरा! पण बोललं कोण? धर्म बोलला — की बेलपान बोललं?

हौसाबाई ओरडली, "भाऊ, पानी कमरंला आलंय त्यांच्या!"

तेव्हा हे हलले. पण उचलली कोणती? कडेची! व्हार्निशवाली, सगळ्यांत कमी आवडती. हौसाबाईनं ती हिसकली आणि पळत सुटली. हे मागं मागं. चारीवर पोचेपर्यंत पाणी रखमाजीच्या बरगड्यांना लागलेलं. हौसाबाईनं कुऱ्हाड उगारली, सारा जीव एकवटून घाव घातला — आणि पातं सुटलं! दांडा दिसायला छान, पण पातं घट्ट धरणारी पाचर कधीच गळून गेलेली! भिंतीवर टांगायच्या कुऱ्हाडीला पाचर कशाला? पातं उडालं, रखमाजीच्या डोक्यावरून गेलं आणि गढूळ पाण्यात बुडालं.

हौसाबाईच्या हातात नुसता दांडा. तिनं मागं वळून दिनकररावांकडं पाहिलं. मंडळी, ती नजर कुणाच्या वाट्याला येऊ नये.

दिनकरराव पळाले! जन्मात पळाले नव्हते असे घराकडं पळाले. दारात पोचले तर उषाताई उंबऱ्यात उभ्या. हातात बेलपानाची कुऱ्हाड. पात्यावर हळदकुंकू तसंच.

"मी उचललीय," त्या म्हणाल्या. "पाप लागायचं ते मला लागू दे. तुम्ही पळा!"

आले परत. पाणी छातीवर. हौसाबाई चारीत उतरलेली, नवऱ्याचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून. ती सोडू शकत नाही. मग घाव घालायचा कुणी?

यांनीच! ज्यानं आयुष्यभर कुऱ्हाडी जमवल्या आणि एकदाही चालवली नाही, त्यानं! पहिला घाव सालपटावरून घसरला. रखमाजीच्या गुडघ्याजवळून वाऱ्यासारखा गेला. दिनकररावांनी कुऱ्हाड खाली टेकवली. "नाही जमणार मला... तुमच्या पायावर बसेल!"

खालून रखमाजी बोलला. ओठ निळे पडलेले. "साहेब, माझ्या पायाकडं बघू नगा. लाकडाकडं बघा. पाय गेला तर गेला! हाणा!"

हाणला! दुसरा घाव बसला. तिसरा रुतला. धार जिवंत होती हो, बशीरभाई खोटं बोलले नव्हते! पाणी गळ्याशी. काटे हातात घुसताहेत, तळहात सोलतोय, रक्तानं दांडा निसरडा झालाय. आणि एकदम — खण्ण! खोडात कुणी कधीकाळी तार ठोकलेली, तिच्यावर पातं आपटलं. धारेचा टवका उडाला. बेलपानाच्या मधून चीर गेली. मंडळी, ज्या पात्यासाठी माणूस वर्षानुवर्षं उकिरडे धुंडाळत फिरला, ते डोळ्यांदेखत फुटत होतं. थांबला का?

नाही थांबला!

पाणी हनुवटीला... ओठांना... रखमाजीनं मान मागं टाकली, नुसतं नाक वर... हौसाबाई देवीचं नाव घेतेय की नवऱ्याचं, तिचं तिला कळेना... आणि कडाड्! खोड तुटलं! बाभळ खचली, वरचा भाग हलला. मागून धावत आलेल्या उषाताई धरून तिघांनी मिळून ओढला त्याला. मांडीचं हाड मोडलं होतं. पण श्वास चालू होता!

काठावर चौघं बसली. उषाताई रखमाजीच्याच धोतराची पट्टी फाडून त्याचा पाय बांधत होत्या. आणि दिनकरराव रडत होते. हुंदके देऊन, लहान पोरासारखे. शेजारी ती फुटकी कुऱ्हाड पडलेली.

हौसाबाईला वाईट वाटलं. साधी बाई! म्हणाली, "भाऊ, आमच्यापायी तुमची एवढी मोलाची कुऱ्हाड गेली."

दिनकररावांनी मान हलवली. "कुऱ्हाडीसाठी नाही रडत, हौसाबाई. तुम्ही दारात आलात तेव्हा मी 'थांबा' म्हणालो. तुम्ही थांबलात. पण पाणी थांबलं नव्हतं."

...

बोला. कुणी बोलणार आहे का?

मंडळी, दिनकररावांना देवानं वाचवलं. हो, रखमाजीला नाही म्हणत मी, दिनकररावांना! दुसरा फेरा करायला वेळ दिला. सगळ्यांना देतो का? आपण म्हणतो, आज एकादशी आहे, आज सोवळं आहे, आज सुतक आहे, आज अमावास्या आहे. सगळे नियम खरे! मी नाही कोणाला मोडा म्हणत. मीही पाळतो. पण दारात कुणी हाक मारत आलं आणि तोंडावर पहिल्यांदा नियम आला, तर एक क्षण स्वतःला विचारा: माझं काही जाणार नसतं तेव्हाही हा नियम मला एवढा लगेच आठवतो का? ज्याच्यामुळं माझं काही वाचतं, तोच नेमका का आठवतो?

आज इथून घरी जाल. आख्यान छान झालं म्हणाल. बुवांचा आवाज बसला होता पण रंगलं म्हणाल. ते राहू द्या. वाटेत एकच आठवा. या आठवड्यात, या महिन्यात, तुम्ही कुणाला "थांबा" म्हणालात? तो अजून थांबलाय. आणि त्याचं पाणी कुठवर आलंय, हे तुम्ही वळून पाहिलेलं नाही.

देवाचा गजर नंतर करू. ज्याला असं माणूस आठवलं असेल त्यानं आरतीला थांबू नये. त्यानं उठावं आणि जावं. मी रागावणार नाही, देव तर नाहीच नाही.