अनसूयेला खाडीबंदी

मंडळी, संकट आलं की माणूस आधी काय शोधतो? उपाय? छे! माणूस शोधतो माणूस — ज्याच्या डोक्यावर खापर फोडता येईल असा! खरं की खोटं?

ऐका तर. कोकणात एक खाडी. ओहोटीला बायका पाट्या घेऊन उतरायच्या, रेती उकरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या. — ओ भाऊ, तिसऱ्या म्हटल्यावर मांडी सावरून बसलात! मी माळकरी, पाणी सुटलंय ते तुमच्याच तोंडाला!

त्या बायकांत एक अनसूया, धाकू पाटकराची बायको. कामाला वाघीण! पण लग्नाला इतकी वर्षं होऊन कूस रिकामी.

आणि झालं काय — रेतीत बारक्या तिसऱ्या दिसेनात! जुन्या, मोठ्या तेवढ्या निघायच्या. हळूहळू त्याही संपत आल्या. चुली थंडावल्या. तेव्हा शेजारची वत्सला भर खाडीत ओरडली, "हिचाच पाय भोवला! हिला नाही, म्हणून खाडीलाही पोर होत नाही!"

कुणी तिचं तोंड धरलं का? नाही! गाव बसलं, ठरलं — अनसूयेनं पाण्यात पाय घालायचा नाही.

धाकू भडकला. "चल, बघतो कोण अडवतो ते!"

ती उंबऱ्यातून हलली नाही. "नको. खरं असलं तर?"

मंडळी! लोकांचं बोलणं दुखतंच. पण ते आपल्यालाच पटायला लागलं की...? समुद्राचा आवाज ऐकत ती घरात बसून राहिली.

पुढे मत्स्य कॉलेजातल्या एक बाई आल्या. पाणी तपासलं, तिसऱ्या उघडून बघितल्या. देवळापुढे सगळ्यांना म्हणाल्या, "समुद्र तापलाय. अशा पाण्यात तिसऱ्या अंडी वेळेआधी सोडतात. त्यांची पिल्लं डोळ्याला दिसत नाहीत इतकी बारीक. रेतीवर टेकायच्या आत मरतात. यात कुणा बाईचा काय दोष?"

माना खाली! वत्सला रडत अनसूयेच्या दारात. "चुकले गं बाय! चल खाडीवर."

अनसूया आली. गुडघाभर पाण्यात उतरली, कोपरापर्यंत हात घालून रेती उकरली. वर काय आलं? रिकामे शिंपले! तिचे डोळे भरले.

धाकू म्हणाला, "अगं, रडतेस कशाला? तुझा दोष नव्हता, कळलं ना सगळ्यांना!"

"माझा असता तर बरं झालं असतं हो," ती म्हणाली. "मी गाव सोडून गेले असते. खाडी तरी भरली असती."

ऐकलंत? खाडी आजही रिकामीच आहे. पाणी तापवलं कुणी? धूर कुणाच्या गाडीचा, कुणाच्या कारखान्याचा? अनसूयेला बाहेर काढणं सोपं होतं, मंडळी. आता कुणाला काढता?

टाळ खाली ठेवा. गजर नंतर. आधी उत्तर द्या!