पुरलेली नदी आमच्या चुलीखाली

...नाई, तुमीच सांगा न जी, मानसानं जलमभर राबून घर बांधाव अन् मंग त्यातून आपनच भाईर निंगाव, हे कोन्त्या राज्यात बसते? हासू नका! तुमाले हासाले येते, काऊन का तुमच्या चुलीखालून काई वाह्यत नाई... म्हंजे, वाह्यत असन बी, पन तुमाले मालूम नाई. मले मालूम झालं! खालचं पाहाले कोनं सांगतलं होतं मले?

तं झालं असं. माहं गाव पैनगंगेच्या आंगाले, बेल्याजवळ, भाजीपाल्याचं वावर, अन् त्या साली वावरातली विहीर आटली. नवी कुठं खनाव, एवढाच सवाल, मोठा नाई. तेवढ्यात हैदराबादेहून जीपीत बसून आशाबाई आली. डाक्टर व्हाची होती, पन सुई टोचाची नाई, दुसरी, पीएचडीची! काम काय तं, जमिनीच्या पोटात जुनी नदी हाय म्हने, तिची रेती कुठून कुठं गेली, गाळ कुठं बसला, हे कम्पुटरवर काढाचं. जो दिसन त्याले इचारे, "काका, विहीर खणताना आधी काय लागलं? माती? मग रेती? मग?" मी म्हनलं, बाई, तुमच्या त्या मशिनीले इचारा न, या चंपतरावानं विहीर कुठं खनाव? बस! येवढंच बोललो मी! येवढ्यापायी कोनाचं घर जाते काय?

गेली, अन् काई दिवसानं परत आली, तं काखेत कागदाची ही थप्पी. बाजूनं भोकंभोकंवाले कागद. वसरीवर पसरले. म्हनते, "काका, विहिरीतून जे निघालं तेवढंच कॉम्प्युटरला खरं ठाऊक. दोन विहिरींच्या मधलं तो आपल्या मनानं भरतो, म्हणून दर चित्रात नदी वेगळी." मनानं? म्हंजे त्याले मन बी हाय! एका कागदावर नदी मारुतीच्या देवळाखालून, दुसऱ्यावर शाळेखालून, तिसऱ्यावर फकिराच्या गोठ्याखालून. मी म्हनलं, हे तं आमच्या सरपंचासारखं झालं, रोज नवं बोलनं! मी हासलो, बाजूले बसलेला शेजारचा फकिरा बी हासला. आशाबाई नाई हासली.

"पण काका, एक जागा सगळ्या चित्रांत तीच आहे."

"कोन्ती?"

तिनं बोट ठेवलं. माहं घर. घर बी नाई जी, घरातली चूल! म्हनते, "मला वाटलं चूक झाली. तुमच्या घराजवळच्या विहिरीची माहितीच काढून टाकली, पुन्हा चालवलं. तरी ती इथूनच गेली." जीपीचा डायवर तेलगू मानूस, तो कागदात डोकावला, गुमान चपला काढल्या, "गंगम्म तल्ली!" म्हनला, म्हंजे गंगामाय, अन् माह्या चुलीले हात जोडले. भर दुपारी माह्या आंगावर काटा आला. खालचं पाहाले कोनं सांगतलं होतं?

अन् इथं त्या बाईनं घात केला. आमची बायको, रेणुकाबाई, चहा घेऊन आली, तं तिले शुद्ध मराठीत सांगते, "काकू, ही पुरलेली नदी आहे."

रेणुकाबाईनं चहा तसाच खाली ठेवला. आता तुमाले का सांगाव, आपल्यात लग्न झालेलं मानूस जाळतेत अन् कुवारं लेकरू पुरतेत. ती म्हनली, "माय व! पुरलेली? म्हंजे कुवारी मेली?" आशाबाई म्हनते, "अहो, पुरलेली म्हणजे गाळाखाली गाडली गेलेली!" "कोनं गाडली?" "कोणी नाही काकू, दर पुरात गाळ आणून तिनं स्वतःच स्वतःला..."

झालं! शेजारची बयनाबाई दारात उभीच होती. तिनं पदर तोंडाले लावला. "म्हंजे पोरीनं जीव देल्ला! अन् तुमी तिच्या उरावर भाकरी भाजून राह्यले!"

तवापासून रेणुकाबाई रोज चुलीपाशी एक ताट वाढे. पोर उपाशी नको. मी म्हनलं, येडी झाली काय, नदी का भाकर खाते? तं भाकर तशीच राहे जी, खरं सांगतो. पन गिलासातलं पानी... गिलासात पानी नाई, अन् बुडाले हा बोटभर गाळ. ओला. मी गिलास घासला. मांजर असन म्हनलं. मांजर गाळ कुठून आनन? अन् सकाळी झाडावं तं चुलीपाशी बारीक रेती, दुपारी झाडावं तं पुना रेती. कनकीत कचकच, दातात कचकच.

एका दुपारी घरात कोनी नाई पाहून मी जमिनीले कान लावला. मले वाटलं, पानी खळखळन. पानी नाई जी! सर्र... सर्र... कोनी सुपानं जवारी पाखडून राह्यलं, तसं. लय खाल्ती. मी म्हनलं, "कोन हाय?" अन् ते थांबलं! आवाजाचं भेव नसते, तुमाले सांगतो, थांबलेल्या आवाजाचं असते. थांबलं म्हंजे... त्यानं ऐकलं न!

आशाबाई आली तवा तिलेही म्हनलं, लावा कान. तिनं लावला. लय वेळ उठलीच नाई. मंग उठून पदर झटकला, म्हनते, "उंदीर असतील काका." बरं, उंदीर. पन त्या दिवसापासून ती चहा आंगनातच घे. मी म्हनलं, "बाई, आत या न, उंदीरच तं हायत." म्हने, "नको, इथं वारा बरा आहे." वारा! मे महिन्यात! जाता जाता एवढं मातर सांगून गेली, "चूल आहे तिथंच खणा काका, पाणी हमखास लागेल." म्हंजे घर पाडा! अन् घर पाडतो म्हनलं, तं रेणुकाबाई म्हने, "कुवाऱ्या पोरीले उकरून काढता? हात झडतीन!"

खनता येत नाई, राह्यता येत नाई. रेणुकाबाईनं गाठोडं बांधलं, अन् आमी आलो पैनगंगेच्या कोरड्या पात्रात, डांगरा-टरबुजाच्या वाडीवर, झोपडीत. आशाबाई तिकडं डाक्टर झाली. अन् आमी? नदी माह्या घरात झोपून राह्यली, अन् मी नदीच्या जागेवर! खालचं पाहाले कोनं सांगतलं होतं?

आता मिरगाचं पानी येऊन राह्यलं. पैनगंगा येईन, म्हनन, उठा, माही जागा हाय. मी काय भांडू तिच्यासंगं? जमिनीचा पट्टा तिचाच. मी म्हनीन, जाय माय, गावात आमच्या घरी जाय... तुही बहीन तिथंच हाय, कवाड उघडंच हाय, अन् रेणुकाबाई अजून बी रोज जाऊन ताट वाढून येते.